तिसरी फुंकर

"ह्यातली पट्टी काढ आणि हे बसव," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोरच्या ओल्या फडक्यावर एक काळं, गोल कॅप्सूल ठेवलं.

मी हातातला चिमटा खाली ठेवला. साध्या माईकमधलं कॉइलचं कॅप्सूल होतं ते, सुपारीएवढं. लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या जीपवर, कुठंही चालणारं. चारदा जमिनीवर आपटलं तरी पाचव्यांदा बोलणारं.

"आपल्या माईकमध्ये? हे?"

"आपल्याच. वरची जाळी तीच, दांडा तोच. बाहेरनं कुणाला काय कळतंय?"

"पण मेस्त्री, मग तो रिबन माईक कसला?"

"बुधवारपुरता न्हाई," ते म्हणाले, "गुरुवारपासनं परत रिबन." आणि माझ्याकडं न बघता बाहेर निघून गेले.

ही गोष्ट एकाहत्तर सालची, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. दिवाळी तोंडावर आली होती. दत्तोबा मेस्त्री माणूस चौथी शिकलेला, पण सिनेमाच्या स्टुडिओतले विलायती माईक दुरुस्त करता करता त्यांच्या डोक्यात बसलं, की हा माईक आपण इथं बनवायचा. इंजिनं ओतणाऱ्या फाउंड्र्या आणि लेथच्या शेडी ह्यांच्या मधोमध त्यांनी एक पत्र्याची खोली घेतली. तिथं आम्ही तिघंच. मेस्त्री दांडा, जाळी आणि लोहचुंबकाचं काम करायचे. रशीदाभाभी केसासारख्या तारेचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या. आणि मी पट्टी बसवायची.

मी मूळची हुपरीची. चांदीच्या साखळ्या जोडत लहानाची मोठी झाले, म्हणून चिमट्याची सवय होती. पण चांदी ह्या पट्टीपुढं म्हणजे पाटा-वरवंटाच. दोन लोहचुंबकांच्या मध्ये, दोन्ही कडांना केसाएवढी फट ठेवून, ॲल्युमिनियमची एक पट्टी ताणून बसवायची. दोन इंच लांब, गव्हाच्या दाण्याएवढी रुंद आणि मिठाईवरच्या वर्खासारखी पातळ. जुन्या कंडेन्सरमधून ती उलगडून काढायची, दोन दातेरी पितळी चाकांमधून फिरवून तिला चुण्या पाडायच्या आणि श्वास धरून जागेवर ठेवायची. माणूस बोलला की हवा हलते, हवेबरोबर पट्टी हलते आणि तेवढ्या हलण्यातून आवाजाची वीज होते. बाकी आत काही नाही. दोन्ही बाजू उघड्या, म्हणून पुढून बोला की मागून, सारखंच ऐकू येतं. कडेला उभं राहून बोललात तर मात्र ठार बहिरा.

आणि नाजूक किती! शेजारच्या लेथवरून लोखंडाचा कीस उडायचा आणि चुंबकाला येऊन चिकटायचा. एक कण त्या फटीत गेला की पट्टी अडकली. म्हणून मी दिवसातून तीनदा जमीन पुसायची, आणि कणकेचा छोटा गोळा चुंबकावर दाबून दाबून कीस उचलायची. खोलीत कुणी शिंकलं तरी माझा हात आधी पट्टीवर जायचा.

भाद्रपदात बिडकर साहेब पहिल्यांदा आले. तालुक्याच्या गावी सभागृहं बांधणाऱ्या एका संस्थेचे ते इंजिनिअर. त्यांना बावीस माईक हवे होते. आले, माईकसमोर उभे राहिले आणि गालफडं फुगवून त्यांनी जोरात फुंकर मारली. बाहेर कर्ण्यातून 'ढब्ब' असा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही.

"साहेब, हा फुंकायचा माईक न्हाई," मेस्त्री कळवळून म्हणाले.

"मेस्त्री," बिडकर शांतपणे म्हणाले, "आमच्या सभागृहात जो माणूस स्टेजवर चढेल, तो आधी माईकवर फुंकेल. मग टिचक्या मारेल. मग हॅलो हॅलो करेल. सरपंचापासून मंत्र्यापर्यंत. ह्यातून जो वाचेल तोच माईक मला पाहिजे. दिवाळीच्या आधी परत येतो."

हे 'परत येणं' आता बुधवारी होतं. ऑर्डर नाही मिळाली तर दिवाळीनंतर खोली फाउंड्रीवाल्याच्या ताब्यात जाणार होती. त्याला कोळसा ठेवायला जागा हवीच होती.

मेस्त्री कॅप्सूल ठेवून गेले त्या सोमवारी दिवसभर मला चैन पडलं नाही. कॅप्सूल हातात घेत होते, ठेवत होते. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. रशीदाभाभी कोपऱ्यात तार गुंडाळत बसल्या होत्या. त्यांचे मालक ट्रकवर ड्रायव्हर होते, घाटात अपघातात गेले. पदरात तीन मुलं. बोलायच्या कमी, पण त्यांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर कधी परत आला नाही.

"बसव की गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मेस्त्री काय आवडीनं सांगतायत का?"

"लबाडी हाय, भाभी."

"हाय. पण बुधवारपुरती. ऑर्डर मिळाली की सहा महिने हातात. तेवढ्यात तू पट्टी सुधारशील."

"आणि नाही सुधारली तर?"

त्या वेटोळी मोजत होत्या. मोजताना त्या कुणाशी बोलत नसत.

खरं म्हणजे पट्टी कशी सुधारायची हे मला दिसत होतं. फाटलेल्या सगळ्या पट्ट्या मी एका डबीत जपून ठेवल्या होत्या. त्या कधीच मध्ये फाटल्या नव्हत्या. सगळ्या टोकाला, जिथं पितळेच्या चिमटीत दाबलेल्या असतात तिथंच फाटलेल्या. हुपरीत लहान पोरीलाही हे ठाऊक असतं. साखळी मधल्या कड्यात तुटत नाही, फाशापाशी, जिथं टोकं अडकवतात तिथं तुटते. मी मेस्त्रींना सांगितलं होतं, टोकाला चुण्या उथळ करू, चिमटीखाली वर्खाची घडी घालू आणि जाळीच्या आत रेशमाचे दोन पडदे लावू, म्हणजे फुंकर आधी रेशमावर फुटेल. मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रेशमानं आवाज मेंगळट हुतो." विषय तिथंच संपला.

मंगळवारी बाराच्या सुमारास मेस्त्री कर्ण्याची वायर आणायला मंगळवार पेठेत गेले. मी भाभींच्या जवळ जाऊन बसले.

"भाभी, रेशमी कापडाचा तुकडा हाय का तुमच्याकडं? पातळ? मेस्त्रींना जाळीच्या आत लावायला पाहिजे. बाहेरनं कॅप्सूल दिसू नये म्हणून."

"माझ्या निकाहच्या ओढणीचा एक कोपरा हाय. विरलेला," त्या म्हणाल्या. "चालंल?" जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन त्या तो घेऊन आल्या.

मी एकाच लांब पट्टीतून दोन तुकडे कापले. दोन्हींना सारख्या चुण्या पाडल्या, टोकाला उथळ. चुंबकावर कणीक फिरवली. चिमटीखाली वर्खाची घडी घातली, जाळीच्या आत ओढणीचे दोन पडदे ताणून लावले. भाभी माझ्याकडं पाठ करून वेटोळी मोजत होत्या. संध्याकाळी माईक तयार होता. काळं कॅप्सूल मी माझ्या खणात, फाटक्या फडक्याखाली सरकवून ठेवलं.

मेस्त्री आले. माईक हातात घेऊन त्यांनी फिरवून बघितला.

"बसवलंस?"

"होय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातच्या माईकला असं, परक्याच्या पोराला धरावं तसं, कधी धरलं नव्हतं.

बुधवारी बिडकर साहेब अकराला येणार होते, ते पावणेअकरालाच आले. ठेंगणा माणूस, बगलेत फाईल. मेस्त्रींनी माईक मधोमध स्टँडवर लावला होता. कर्णा बाहेर गल्लीत, म्हणजे आवाज घुमू नये. बिडकरांनी चहा नको म्हटला. माईकसमोर उभे राहिले. मेस्त्री निवांत होते, हात मागं बांधून. मी भिंतीला टेकले होते.

पण बिडकरांनी फुंकर मारली नाही.

"मागच्या वेळी घाई झाली," ते म्हणाले. "आमच्या सभागृहांत नाटकं होणार. दोन नटांमध्ये एक माईक. एक इकडून बोलणार, एक तिकडून. रिबन घ्यायचा तो त्यासाठीच. मेस्त्री, तुम्ही मागं उभे राहा आणि बोला."

मेस्त्रींचे मागं बांधलेले हात सुटले. कॉइलच्या कॅप्सूलला मागचं ऐकू येत नाही. आलं तरी रांजणातून आल्यासारखं. इंजिनिअर माणसाला एका वाक्यात कळलं असतं.

"मला... मला बोलायला येत न्हाई साहेब. कामगार माणूस."

"मग ह्या बाई बोलतील," बिडकर म्हणाले, आणि त्यांनी रशीदाभाभींना बोट केलं.

भाभी उठल्या. पदर सारखा केला. माईकच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि आमच्याकडं बघत राहिल्या. काय बोलावं त्यांना सुचेना. त्यांनाही ठाऊक होतं काय होणार आहे ते.

"नाव सांगा की," बिडकर म्हणाले.

"माझं नाव रशीदा मुजावर," भाभी म्हणाल्या. "मी इथं तार गुंडाळते."

आणि बाहेर गल्लीत त्यांचा आवाज उभा राहिला. स्वच्छ, भरदार, जसा त्यांच्या गळ्यातून निघाला होता तसा. समोरच्या शेडमधलं लेथ थांबलं. कुणीतरी दारात येऊन बघू लागलं. भाभी स्वतःच दचकल्या. आपला आवाज एवढा मोठा होऊन त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

मेस्त्रींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. त्यांना कळलं.

"उत्तम," बिडकर म्हणाले. कडेला जाऊन बोलून बघितलं, कर्णा गप्प. "वा! बाजूनं अगदी बंद." त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, पेन खिशाला लावलं, आणि परत माईकसमोर येऊन गाल फुगवले.

"साहेब!" मेस्त्री एक पाऊल पुढं आले.

"काय?"

"फुंकर... राहू दे की आता. आवाज तर ऐकलासा."

बिडकरांचे डोळे बारीक झाले. "का? मागच्या वेळी सांगितलं होतं ना मी?"

मेस्त्री तसेच उभे राहिले. त्यांच्या ओठांवर शब्द आला होता, मला दिसत होता. 'ह्यात पट्टी हाय साहेब, टिकणार न्हाई.' पण ते म्हणण्याची सोय कुठं होती? रिबन माईक विकायलाच तर उभे होते ते. बाजूला झाले.

पहिली फुंकर. गल्लीत 'ढब्ब' झालं. "हॅलो," बिडकर म्हणाले. हॅलो बाहेर पोचलं.

दुसरी फुंकर. "हॅलो." पोचलं.

तिसऱ्या फुंकरीला मी डोळे मिटून घेतले. कानही मिटता आले असते तर मिटले असते. 'ढब्ब' झालं. मग बराच वेळ काही नाही. बिडकर पुरता श्वास घेत होते, तेवढाच तो वेळ, पण मला तो अजून आठवतो.

"हॅलो," ते म्हणाले. "हॅलो, हॅलो."

गल्ली हॅलोंनी भरून गेली.

त्यांनी दांड्यावर टिचक्या मारल्या, माईक हातात घेऊन हलवला, पुन्हा बोलून बघितलं. मग चहा मागवला. बावीसची ऑर्डर त्यांनी तिथंच, चहाचा कप मांडीवर तोलत, लिहून दिली.

ते गेल्यावर मेस्त्रींनी दार लोटलं. स्टँडवरून माईक काढला, जाळीचे स्क्रू सोडवले, रेशीम बाजूला केलं आणि उजेडाकडं धरून बघितलं. पट्टी जागेवर होती. किंचित सैल पडली होती, पण अखंड.

"हौसा," ते म्हणाले, "हे टिकणार हे तुला ठाऊक होतं?"

"होय," मी म्हणाले.

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही बसवू दिलं नसतं."

ते हसले. रेशमाचे पडदे परत जागेवर लावले. मग म्हणाले, "रेशमानं आवाज मेंगळट झाला न्हाई गं. उलट गोड झाला." पुढं अकरा वर्षं आमचे माईक त्याच तऱ्हेचे निघाले. उथळ टोकं, वर्खाची घडी, रेशमाचे दोन पडदे. आणि पुढं अकरा वर्षं मेस्त्री आल्यागेल्याला सांगत राहिले, "साहेब फुंकत होता, माझ्या काळजाचं पाणी झालं होतं, पण हिचा डोळासुद्धा लवला न्हाई. हिला ठाऊक होतं." मी तिथंच बसलेली असायची. खाली मान घालून काम करायची. लोकांना वाटायचं बाई लाजते.

त्या बुधवारी साडेपाचला आम्ही दोघी नेहमीसारख्या बरोबर निघालो. ऊन अजून होतं. फाउंड्र्यांची सुट्टी झालेली, रस्ता सायकलींनी भरलेला. भाभी दोन पावलं पुढं चालत होत्या. मला वाटलं, पोरांना सांगायची घाई असेल. नळाच्या कोपऱ्यापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी मूठ उघडली.

तळहातावर ओढणीचा एक छोटा तुकडा होता आणि त्यावर एक पट्टी. टोकाला फाटलेली, उथळ चुण्यांची.

"तुझ्या टेबलाखालच्या डबीत सापडली," त्या म्हणाल्या. "झाडताना. डबीत बाकी सगळ्या जुन्या, खोल चुण्यांच्या. ही कालची हाय."

"कशानं फाटली?"

"फुंकरीनं," मी म्हणाले. "काल. दोन केल्या होत्या ना. एकीला रेशमाआड ठेवून फुंकून बघितलं."

"कितव्या फुंकरीला फाटली?"

"तिसऱ्या."

एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्या मधून गेला. भाभी बाजूला झाल्या, परत समोर आल्या.

"म्हणजे तुला ठाऊक नव्हतं."

"नाही. त्या पट्टीला कदाचित कापतानाच नख लागलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. लागलं होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा म्हणाले नव्हते. आज म्हणते आहे.

"मग बसवलीस का?"

काय सांगणार? त्या काळ्या कॅप्सूलला माझा हातच लागेना, म्हणून बसवली. दोन वर्षं श्वास धरून धरून केलेलं काम बिडकरांसमोर खोटं उभं राहावं, हे मला सहन होईना, म्हणून बसवली. लबाडी नको म्हणून बसवली असं मी मनाशी म्हणत होते. पण मेस्त्रींशी खोटं बोलले होते, भाभींशी खोटं बोलले होते, त्यांच्याच ओढणीवर. आणि दुपारी परत एकदा, 'होय' म्हणून.

"माझ्या पट्टीवर माझा जीव होता, भाभी," मी म्हणाले.

"तुझ्या घरी नवऱ्याचा पगार येतो, हौसा." त्यांचा आवाज चढला नाही. "माझी तीन पोरं त्या तिसऱ्या फुंकरीवर उभी होती. तू त्यांना उभं केलंस, आणि मला विचारलंसुद्धा न्हाई."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तुला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "आज माझा आवाज त्या गल्लीत गेला, तू ऐकलास न्हवं? विचारून बघायचं होतंस. कदाचित हो म्हटलं असतं मी."

त्यांनी ती फाटकी पट्टी माझ्या हातात ठेवली, ओढणीचा तुकडा मात्र परत घेतला, कमरेला खोचला आणि रस्ता ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. आपल्या जागी बसल्या. आम्ही पुढं अकरा वर्षं एका खोलीत काम केलं, एका डब्यात जेवलो. माझ्या थोरल्या मुलीच्या बाळंतपणात सगळ्यात आधी त्याच धावून आल्या. त्यांची तिन्ही मुलं शिकली, धाकटा रेल्वेत लागला. मेस्त्रींना त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मेस्त्री गेले तरी ते सांगणं राहूनच गेलं.

फक्त एक झालं. गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर पूर्वी त्या नुसता माझ्यापुढं सरकवायच्या. त्या गुरुवारपासून त्या तो हातात धरून ठेवायच्या आणि विचारायच्या, "हा कशात बसवणार?" मी सांगायची. कुठला माईक, कुठल्या गावाला जाणार, पट्टी नवी की जुनी, तिला आधी फुंकून बघितलंय की नाही. खरं तेच सांगायची. सगळं ऐकून झालं, की मग त्या बोटं सोडायच्या.